हमीद दलवाई

(हमीद दलवाई हे मराठी कथा-कादंबरीकार, पत्रकार आणि समाजसुधारक होते. मुस्लिम समाजातील काही रूढींवर त्यांनी उघडपणे टीका केली. त्यांची काही मते अनेकांना पटली नाहीत. पटो वा न पटो, त्यांचे जीवन विचार करायला लावणारे आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जणांनी पुण्याचे मार्केट यार्ड पाहिले असेल. गुलटेकडीच्या या मोठ्या बाजारात भल्या पहाटेपासून ट्रक येऊ लागतात. कांदा, बटाटा, गूळ, धान्य, फळे, फुले असा नाना तऱ्हेचा माल उतरतो. हमाल पाठीवर पोती घेऊन लगबगीने चालतात. तोलणार काट्यावर वजन करतात. आडत्यांच्या गाळ्यांवर हिशेब चालू असतात. या गर्दीत घटकाभर नुसते कान उघडे ठेवून उभे राहा. हमाल, दलाल, बाजार, माल, वजन, हिशेब, नमुना हे शब्द तुमच्या कानांवर पडतील. हे सारे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. अरबी-फारसीतून ते मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले.

आता भुसार बाजारात या. तेथे गव्हाचे पोते विकायला आले आहे. एक व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे हातावर घेतो, निरखून पाहतो. दाणा किडका निघाला तर तो तसे स्पष्ट सांगतो. शेतकऱ्याला ते ऐकून वाईट वाटते. पण व्यापाऱ्याने दाणा पाहिला आहे, हे त्यालाही कळते. समजा, दुसरा एखादा व्यापारी पोते उघडतच नाही. माल कोणाचा, कोणत्या गावचा, एवढेच विचारतो आणि न पाहताच तो वाईट ठरवतो. पहिल्याने केली ती पारख. दुसऱ्याच्या मनात आहे तो पूर्वग्रह.

हा फरक नीट ध्यानात ठेवा. हमीद दलवाई यांचे जीवन समजून घ्यायला तो उपयोगी पडेल. त्यांनी आपल्या समाजातील रूढींची कठोर पारख केली. त्याच वेळी, मुसलमान म्हटला की तो वाईटच, असे मानणाऱ्या पूर्वग्रहालाही त्यांनी विरोध केला.

हमीद दलवाई यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मिरजोळी या गावी झाला. हे गाव चिपळूणजवळ आहे. डोंगर, भातशेती आणि धो धो पाऊस असा हा कोकणचा मुलूख. येथे हिंदू आणि मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. हमीद लहानपणापासून मराठीत वाढले. तरुण वयात ते राष्ट्र सेवा दलात आले. सर्व धर्मांच्या आणि जातींच्या मुलांनी एकत्र खेळावे, एकत्र गाणी म्हणावीत, एकत्र श्रम करावेत, अशी सेवा दलाची शिकवण होती. ती हमीद यांच्या मनावर कायमची ठसली.

पुढे ते मुंबईला गेले. तेथे त्यांनी लेखन आणि पत्रकारिता केली. आचार्य अत्रे यांच्या ‘मराठा’ दैनिकात त्यांनी काम केले. ‘लाट’ हा त्यांचा कथासंग्रह आणि ‘इंधन’ ही कादंबरी मराठी वाचकांना नवी वाटली. कोकणातील मुसलमानांचे घर, अंगण, शेती, भांडणे आणि माया मराठी साहित्यात इतक्या जवळून क्वचितच आली होती. ‘इंधन’ १९६५ साली प्रसिद्ध झाली. कोकणातल्या एका गावात बारीकसारीक कारणांवरून तेढ कशी वाढते आणि शेवटी गाव कसे पेटते, हे त्यांनी या कादंबरीत दाखवले. त्यांनी कोणत्याच बाजूचे दोष झाकले नाहीत.

हमीद यांचा विवाह मेहरुन्निसा यांच्याशी झाला. मेहरुन्निसाबाई पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. हमीद यांचे लेखन मराठीत. अशा रीतीने तुम्ही शिकता त्या दोन्ही भाषा या एका घरात नांदल्या. त्यांचा विवाह आधी धर्माच्या रीतीने झाला. नंतर त्यांनी तो सरकारी कायद्यानुसार नोंदवलाही. नोंदणीच्या विवाहात पतीला एकतर्फी तलाक देता येत नाही आणि दुसरे लग्नही करता येत नाही. हमीद यांनी सुधारणेची सुरुवात अशी स्वतःच्या घरापासून केली.

त्या काळी भारतात मुस्लिम पती एका दमात तीन वेळा तलाक उच्चारून विवाह मोडू शकत असे. पत्नीला १९३९ च्या कायद्याने विवाह मोडता येत असे. पण त्यासाठी तिला न्यायालयात जावे लागे आणि कारण सिद्ध करावे लागे. ज्या बाईला शिक्षण नाही आणि हातात पैसा नाही, तिने वकील कोठून आणावा? अचानक तलाक मिळालेली स्त्री मुलाबाळांसह उघड्यावर पडे. इतर काही देशांनी या बाबतीत बदल केले होते. इजिप्तने १९२९ साली कायदा करून एका वेळी दिलेले तीन तलाक एकच मानायचे ठरवले. पाकिस्ताननेही १९६१ साली तलाकवर निर्बंध आणले. मग भारतातील स्त्रीनेच का सोसावे, असा हमीद यांचा प्रश्न होता.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा नेला. या मोर्चात किती स्त्रिया असतील? फक्त सात. त्या सातही जणी मुसलमान होत्या. मेहरुन्निसाबाई त्यांच्यापैकी एक. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करावे, सर्व स्त्रियांना समान कायदा असावा, अशी त्यांची मागणी होती. सात हा आकडा लहान वाटतो. पण ज्या काळात घराबाहेर पडून सभेत बसणेही अवघड होते, त्या काळात भर रस्त्याने चालत जाऊन सरकारकडे न्याय मागणे सोपे नव्हते.

यानंतर चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी, हमीद यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ‘सत्यशोधक’ हा शब्द त्यांनी विचार करूनच निवडला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यातच सत्यशोधक समाज काढला होता. फुले यांनी आपल्या समाजातील रूढींना प्रश्न विचारले आणि त्यासाठी पुष्कळ निंदा सोसली. तोच वारसा हमीद यांना पुढे न्यायचा होता. पुण्यात त्यांना सेवा दलातले, समाजवादी विचारांचे सोबती लाभले. बाबा आढाव हे त्यांपैकी एक. आढाव यांनी पुण्यातील हमालांची हमाल पंचायत उभी केली. ओझे वाहणाऱ्याची पाठ हिंदूची असो वा मुसलमानाची, ती सारखीच दुखते, म्हणून सर्व हमाल त्यात एकत्र आले. या पंचायतीचे मोठे काम आज मार्केट यार्डात दिसते.

मंडळाने तलाक मिळालेल्या स्त्रियांना सल्ला आणि आधार दिला. १९७१ साली पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरवली. स्त्रिया व्यासपीठावर आल्या आणि स्वतःची दुःखे स्वतः बोलू लागल्या.

या कामाला विरोधही मोठा झाला. सभांमध्ये गोंधळ झाला. मंडळाच्या कार्यकर्त्यांना नातलगांचा आणि शेजाऱ्यांचा बहिष्कार सोसावा लागला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही आपण समजून घेतले पाहिजे. अनेक उलेमांच्या मते शरीयत ही श्रद्धेची बाब आहे. तिच्यात सरकारने किंवा धर्म न मानणाऱ्या माणसाने हात घालू नये. काहींना वाटे की तलाकचा गैरवापर थांबवावा, पण ते काम धर्माच्या जाणकारांनी करावे. आणखी काही जणांना वेगळीच भीती वाटत होती. फाळणीनंतर मुसलमानांकडे आधीच संशयाने पाहिले जाते. अशा वेळी आपल्यातलाच माणूस आपले दोष चव्हाट्यावर मांडू लागला, तर टपून बसलेल्यांच्या हाती कोलीतच मिळेल, असे त्यांना वाटे.

ही भीती खोटी नव्हती. हमीद बोलू लागले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत काही जण असे होते, की ज्यांना मुस्लिम स्त्रियांच्या दुःखाशी काही देणेघेणे नव्हते. मुसलमानांना नावे ठेवायला त्यांना निमित्त हवे होते. बाजारातल्या त्या दुसऱ्या व्यापाऱ्यासारखे त्यांनी पोते न उघडताच मत ठरवले होते. हमीद यांनी त्यांनाही सोडले नाही. मुस्लिम जातीयवादाला उत्तर म्हणून हिंदू जातीयवाद वाढवणे हा रोगावर दुसरा रोग आहे, असे त्यांचे मत होते. हिंदू समाजातील जुनाट रूढींवर आणि असहिष्णुतेवरही ते टीका करीत. मुसलमान हे या देशाचे बरोबरीचे नागरिक आहेत आणि नागरिकाला हक्क मिळतात ते नागरिक म्हणून, हे ते दोन्ही समाजांना सांगत राहिले. अशी दोन्हीकडे टीका करणाऱ्या माणसाला सोबती थोडे आणि टीकाकार फार, असेच होते.

मित्रांनो, हमीद यांचे एक मत तुम्हांला थेट लागू पडते. मुसलमान मुलांनी आपल्या राज्याच्या भाषेत शिक्षण घ्यावे, महाराष्ट्रात मराठीत घ्यावे, असे त्यांना वाटे. त्यामुळे नोकरी-धंद्यात आणि समाजात ती मागे पडणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. तुम्ही तर उर्दू माध्यमाच्या शाळेत बसून हा पाठ वाचत आहात! तुमची मातृभाषा तुम्हांला प्रिय आहे आणि तिच्यात शिकण्याचा तुम्हांला हक्क आहे. म्हणजे येथे तुमचे आणि हमीद यांचे मत जुळणार नाही. त्यात काही बिघडत नाही. त्यांचे म्हणणे नीट वाचा, आपली कारणे मांडा आणि खुशाल असहमत व्हा. टीका करण्याचे जे स्वातंत्र्य त्यांनी वापरले, तेच स्वातंत्र्य त्यांच्यावर टीका करण्यासाठी तुम्हांलाही आहे. आपल्या राज्यघटनेने धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि विचार मांडण्याचेही दिले आहे. ही दोन्ही स्वातंत्र्ये एकाच घरात नांदायची आहेत.

इतके काम अंगावर असताना हमीद यांना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले. मोठी शस्त्रक्रिया झाली. दुखणे हटले नाही, तरी त्यांचे लिहिणे-बोलणे चालूच राहिले. ३ मे १९७७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४४ वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. या गोष्टीनेही पुष्कळ लोक दुखावले.

त्यांच्यामागे मेहरुन्निसाबाईंनी काम थांबवले नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर त्या गावोगावी फिरल्या, मोर्चांत चालल्या, तलाकपीडित स्त्रियांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ‘मी भरून पावले आहे’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध झाले. जून २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीन वेळा दिला जाणारा तलाक रद्द ठरवला. न्यायालयात दाद मागणाऱ्या स्त्रिया मुसलमानच होत्या. १९६६ साली सात जणींनी मागितलेली एक गोष्ट ५१ वर्षांनी मिळाली. २०१९ साली असा तलाक देणाऱ्या पतीला तुरुंगवासाची शिक्षा ठरवणारा कायदा झाला. ही शिक्षा योग्य की अयोग्य, याबद्दल मात्र मतभेद आहेत. तलाकची प्रथा नको असणाऱ्यांपैकीही काहींना ती पटलेली नाही.

कधी मार्केट यार्डात गेलात, तर भुसार बाजारात क्षणभर थांबा. पोत्यातून मूठभर दाणे काढून निरखणारा माणूस पाहा. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा. माझ्या घरातल्या, माझ्या समाजातल्या एखाद्या रूढीत कीड असेल, तर ती दाखवणाऱ्याचे मी ऐकून घेईन का? आणि दुसऱ्याच्या समाजाबद्दल मत बनवण्याआधी मी पोते उघडून पाहिले आहे का? पहिला प्रश्न हमीद दलवाई यांनी मुसलमानांना विचारला, हिंदूंनाही विचारला. दुसराही त्यांनी दोघांनाच विचारला. उत्तर ज्याने त्याने आपले द्यायचे आहे.

शब्दार्थ

पारख – चांगले-वाईट ओळखणे
पूर्वग्रह – न पाहता आधीच करून घेतलेले मत, तअस्सुब
भुसार – धान्य, कडधान्य यांसारखा माल
रूढी – समाजात चालत आलेली रीत
तेढ – वैर, मनातील दुरावा
बहिष्कार – समाजाने संबंध तोडणे
हाती कोलीत मिळणे – नुकसान करण्याचे साधन मिळणे
चव्हाट्यावर मांडणे – सर्वांसमोर उघड करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हमीद दलवाई यांचा जन्म कोठे झाला?
(आ) मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केव्हा व कोठे झाली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पारख आणि पूर्वग्रह यांतील फरक मार्केट यार्डाच्या उदाहरणाने सांगा.
(आ) हमीद दलवाई यांना विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते?

३. पाठात आलेले, पण उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधून लिहा.

४. शिक्षणाच्या माध्यमाविषयी हमीद दलवाई यांचे मत तुम्हांला पटते का? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.