कार्ल फ्रॉइंड

कार्ल फ्रॉइंड (१६ जानेवारी १८९० – ३ मे १९६९) हे जर्मन व अमेरिकन चित्रपटसृष्टीतील ख्यातनाम छायालेखक आणि दिग्दर्शक होते. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याला तिपाईवरून उतरवून पात्राबरोबर चालायला लावणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. 'डेर लेट्झटे मान' (१९२४) व 'मेट्रोपोलिस' (१९२७) हे मूकपट, 'ड्रॅक्युला' (१९३१) हा बोलपट आणि 'आय लव्ह लूसी' ही दूरचित्रवाणी मालिका ही त्यांची विशेष गाजलेली कामे होत. 'द गुड अर्थ' (१९३७) या चित्रपटासाठी त्यांना छायालेखनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

सुरुवातीचे जीवन

फ्रॉइंड यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बोहेमिया प्रांतात, क्योनिगिनहोफ (आजच्या चेक प्रजासत्ताकातील द्वुर क्रालोवे) या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणीच कुटुंब बर्लिनला स्थलांतरित झाले. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी ते चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रावर मदतनीस म्हणून काम करू लागले आणि थोड्याच वर्षांत वार्तापटांसाठी स्वतः चित्रीकरण करू लागले. रसायने, भिंगे व यंत्रे यांची जाण त्यांना कोणत्याही विद्यालयात नव्हे, तर अशा हातकामातून आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन चित्रपटव्यवसाय भरभराटीला आला, तेव्हा फ्रॉइंड हे तेथील मागणी असलेले छायालेखक होते. पाउल वेगेनर यांच्या 'डेर गोलेम' (१९२०) मधील प्रागच्या ज्यू वस्तीचे अंधारे, वाकडेतिकडे दर्शन त्यांच्याच कॅमेऱ्याने घडवले. कार्ल ड्रायर यांच्या 'मिखाएल' (१९२४) मध्ये छायालेखनाबरोबर त्यांनी एका चित्रविक्रेत्याची छोटी भूमिकाही केली आहे.

'डेर लेट्झटे मान'

दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाउ व पटकथाकार कार्ल मायर यांच्यासमवेत केलेला 'डेर लेट्झटे मान' (शेवटचा माणूस) हा फ्रॉइंड यांच्या कारकिर्दीचा कळस मानावा लागेल. कथा साधी आहे. एका मोठ्या हॉटेलातील वृद्ध द्वारपाल आपल्या सोनेरी बटणांच्या गणवेशामुळे गल्लीत मान मिळवून असतो. वय झाले म्हणून त्याला स्वच्छतागृहातील सेवकाचे काम दिले जाते आणि गणवेशाबरोबर त्याची प्रतिष्ठाही उतरते. एमिल यानिंग्ज यांनी ही भूमिका केली. मूकपटांत संवाद व निवेदनासाठी मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या दाखवीत. या चित्रपटात त्या जवळजवळ नाहीत. पत्र किंवा वृत्तपत्रातील मजकूर दिसतो तेवढाच, आणि शेवटाकडे एक निवेदनाची पाटी येते. म्हाताऱ्याच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याचा सारा भार त्यामुळे कॅमेऱ्यावर पडला.

चित्रपटाच्या आरंभी कॅमेरा हॉटेलच्या उद्वाहकातून खाली उतरतो, जाळीतून दिवाणखाना न्याहाळतो आणि गर्दीतून वाट काढीत फिरत्या दारापर्यंत जातो. हे दृश्य सायकलवर कॅमेरा नेऊन टिपण्यात आले. मेजवानीनंतर द्वारपाल मद्याच्या धुंदीत असतो, त्या प्रसंगासाठी फ्रॉइंड यांनी कॅमेरा छातीला बांधला, तोल साधण्यासाठी बॅटऱ्या पाठीवर घेतल्या आणि ते स्वतः झिंगलेल्या माणसासारखे झोकांड्या खात चालले. फ्रॉइंड यांचा देह चांगलाच स्थूल होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कसरतीचे मोल कळते. सहायक छायालेखक रॉबर्ट बाबेर्स्के यांचाही अशा कामांत वाटा होता. अंगणात तुतारी वाजते आणि तिचा सूर वरच्या खिडकीतील द्वारपालाच्या कानी पडतो, तेथे तर कॅमेऱ्याने सुराचाच प्रवास केला आहे. मूकपटात आवाज 'दाखवण्याची' ही युक्ती होती.

यापूर्वीही कॅमेरा हलत असे. फरक असा की येथे त्याची प्रत्येक हालचाल त्या म्हाताऱ्याच्या मनःस्थितीशी जोडलेली आहे. 'मुक्त कॅमेरा' या नावाने ओळखल्या गेलेल्या या पद्धतीचे श्रेय एकट्या फ्रॉइंड यांना देणे मात्र योग्य ठरणार नाही. मायर यांनी पटकथेतच अशा हालचाली योजल्या होत्या, आणि मुर्नाउ यांचा आग्रह त्यामागे होता. अशक्य वाटणारी मागणी यंत्राकडून पूर्ण करून घेणे, ही फ्रॉइंड यांची कामगिरी. पुढच्याच वर्षी ई. ए. ड्युपाँ यांच्या 'व्हरायटी' या सर्कसच्या कथेत त्यांनी कॅमेरा झुल्यावरच्या कसरतपटूंबरोबर झुलवला.

'मेट्रोपोलिस' आणि 'बर्लिन'

फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या भव्य मूकपटाचे छायालेखन फ्रॉइंड आणि गुंटर रिटाउ यांनी केले. आरशाच्या साहाय्याने लहान प्रतिकृती व खरे नट एकाच चित्रचौकटीत आणण्याची ऑयगेन शुफ्टान यांची पद्धत त्यात वापरली गेली. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या वाल्टर रुटमान यांच्या 'बर्लिन' या महानगराच्या एका दिवसावरील चित्रपटाच्या संकल्पनेत व निर्मितीत फ्रॉइंड यांचा सहभाग होता. लोकांना नकळत, असेल त्या प्रकाशात टिपता यावे म्हणून फिल्मवर प्रक्रिया करून तिची संवेदनशीलता वाढवण्यात आली.

अमेरिका व बोलपट

१९२९ मध्ये फ्रॉइंड अमेरिकेला गेले. ही वेळ छायालेखकांच्या दृष्टीने प्रतिकूल होती. बोलपट आला होता; कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो ध्वनिरोधक खोलीत बंद करण्यात येई आणि नट मायक्रोफोनच्या आसपास खिळून राहत. सायकलवर फिरलेला कॅमेरा पुन्हा एका जागी बसला. टॉड ब्राउनिंग दिग्दर्शित 'ड्रॅक्युला'त फ्रॉइंड यांनी तो शक्य तेथे पुन्हा चालता केला. किल्ल्याच्या तळघरात शवपेट्यांकडे सरकत जाणारा कॅमेरा आणि बेला लुगोसी यांच्या डोळ्यांवर टाकलेले प्रकाशाचे बारीक झोत प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले. कथा लंडनला पोहोचल्यावर मात्र हा चित्रपट बराचसा रंगमंचीय होतो, हे मान्य करावे लागते.

युनिव्हर्सल कंपनीने पुढे त्यांच्याकडे दिग्दर्शन सोपवले. 'द ममी' (१९३२) मध्ये बोरिस कार्लॉफ यांचे प्रेत जिवंत होते तो प्रसंग संयमाचा नमुना आहे. किंचित उघडणारे डोळे, पुढे येणारा हात आणि जमिनीवरून फरफटत जाणारी कापडाची पट्टी एवढेच प्रेक्षकाला दिसते. 'मॅड लव्ह' (१९३५) नंतर त्यांनी एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही आणि ते छायालेखनाकडे परतले. पर्ल बक यांच्या कादंबरीवरील 'द गुड अर्थ'मधील टोळधाडीचे चित्रण विशेष वाखाणले गेले.

याच काळात जर्मनीत नाझी राजवट होती. १९३७ मध्ये फ्रॉइंड यांनी तेथे जाऊन आपली मुलगी गेर्डा हिला अमेरिकेत आणले. त्यांची घटस्फोटित पत्नी सुझेट जर्मनीतच राहिली. तिला रावेन्सब्रुक येथील स्त्रियांच्या छळछावणीत डांबण्यात आले आणि १९४२ मध्ये तिची हत्या झाली.

दूरचित्रवाणी

१९४० च्या दशकात फ्रॉइंड यांनी फोटो रिसर्च ही प्रकाशमापक उपकरणे बनवणारी कंपनी चालवली. जॉन ह्यूस्टन यांच्या 'की लार्गो'चे (१९४८) छायालेखनही त्यांचेच. १९५१ मध्ये लूसिल बॉल व डेसी आर्नाझ या दांपत्याने त्यांना 'आय लव्ह लूसी'साठी बोलावले. ही विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर सलग सादर व्हायची आणि तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फिल्मवर टिपली जायची होती. चित्रपटात प्रत्येक दृश्यखंडासाठी प्रकाशयोजना बदलता येते. येथे थांबायला सवडच नव्हती. फ्रॉइंड यांनी बहुतेक दिवे वर टांगून सर्वत्र सारखा प्रकाश पसरवला, त्यामुळे कॅमेऱ्यांना फिरण्यासाठी जमीन मोकळी राहिली. दूरचित्रवाणी संचावर काळ्या-पांढऱ्यातील विरोध अधिक भडक दिसतो, म्हणून नेपथ्य राखाडी छटांत रंगवून घेतले. ज्यांनी सावल्यांवर नाव मिळवले, त्यांनीच उतारवयात सावल्या पुसून टाकण्याचे तंत्र बसवावे, हा योगायोग गमतीचा आहे. विनोदी मालिकांनी ही पद्धत पुढे अनेक दशके वापरली.

तेजस्विता थेट मोजणाऱ्या उपकरणाबद्दल १९५४ सालासाठीचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार त्यांना फ्रँक क्रँडेल यांच्यासमवेत मिळाला. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'मेट्रोपोलिस'चा मोठा भाग त्यांच्या हयातीत हरवलेलाच होता. २००८ मध्ये ब्युनोस आयर्स येथील एका संग्रहालयात त्याची ओरखड्यांनी भरलेली १६ मि.मी. प्रत सापडली आणि २०१० मध्ये जवळजवळ पूर्ण चित्रपट बर्लिनमध्ये पुन्हा दाखवण्यात आला.