चांदीचं पाणी घरी बनवण्याआधी मायकल फॅरेडेची ही गोष्ट वाचा

चांदीच्या दोन तारा, एक बॅटरी आणि ग्लासभर पाणी. घरच्या घरी ‘सिल्व्हर वॉटर’ बनवा, रोज थोडं प्या आणि आजार पळवा, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. ज्या विज्ञानाच्या नावावर हे खपवलं जातं, त्याचा पाया घालणारा माणूस एका लोहाराचा मुलगा होता. त्याचं नाव मायकल फॅरेडे.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. घरची परिस्थिती बेताची, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. १४ व्या वर्षी तो एका पुस्तक बांधणाऱ्याकडे कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचू लागला. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने टिपणं काढली, त्यांचं पुस्तक बांधलं आणि थेट डेव्हींना पाठवलं. पुढच्याच वर्षी डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं.

१८३१ मध्ये त्याने चुंबकापासून वीज निर्माण करण्याचं तत्त्व शोधलं. आज आपल्या घरात येणारी बरीचशी वीज त्याच तत्त्वावर तयार होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याने विद्युत अपघटनाचे नियम मांडले. जितकी वीज वाहील, तितका धातू सुटेल किंवा साचेल, हा त्यातला पहिला. १ अँपिअर प्रवाह १ सेकंद वाहिला तर सुमारे १.११८ मिलिग्रॅम चांदी साचते, इतका हा हिशोब पक्का आहे.

घरच्या ग्लासात मात्र हा हिशोब कोणी ठेवत नाही. पाण्यात चांदी उतरते तसा प्रवाहही बदलत जातो. त्यामुळे आपण नेमकी किती चांदी प्यायलो, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

१८५० च्या दशकात फॅरेडे सोन्याकडे वळला. विजेने नव्हे, तर रासायनिक क्रियेने त्याने सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवले. ते पाणी पिवळं नाही, माणकासारखं लाल दिसलं. त्यातून प्रकाशाची तिरीप सोडली की तिचा मार्ग उजळून निघायचा. आज काही जण चांदीच्या पाण्यात लेझर मारून हेच दाखवतात आणि माल अस्सल असल्याचं सांगतात. पण त्या उजेडावरून पाण्यात कण आहेत एवढंच कळतं. त्याने आजार बरा होतो, हे कुठून कळणार?

अशा दाव्यांचं काय करायचं, हेही फॅरेडेनेच दाखवून दिलं होतं. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं वेड पसरलं होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल हलायचं आणि सगळे म्हणायचे, आत्मा आला! फॅरेडे कोणावर हसला नाही. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणाऱ्या पट्ट्या ठेवल्या. जोर हातांचाच निघाला, लोकांना मात्र त्याची कल्पनाही नव्हती.

चांदीचा औषधी उपयोग खोटा नाही. भाजलेल्या जखमेवर लावायच्या मलमात ती असते. पण ती प्यायल्याने आजार बरे होतात, याचा पुरावा नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असं कोलॉइडल सिल्व्हर सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही, असा निर्णय दिला. दीर्घकाळ प्यायल्यास चांदी शरीरात साचते आणि त्वचा निळसर-करडी पडते. हा रंग सहसा कायमचा राहतो.

फॅरेडेने सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचं निधन झालं. बॅटरी आणि तारा आज कोणालाही मिळतात. त्याची तपासून पाहण्याची सवय तेवढी आपण उचलायला हवी.