गर्व वेश बदलून येतो



सात प्रमुख पापांच्या यादीत गर्व पहिला येतो. इतर पापे आपल्याला स्वतःमध्ये दिसतात, पण गर्व बहुधा दुसऱ्यामध्येच दिसतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांना मात्र तो स्वतःमध्ये दिसला, आणि तोही दोनदा.

१४९१ साली स्पेनच्या बास्क प्रांतातील एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. मानमरातब आणि उंची पोशाखाचे त्यांना वेड होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला. हाड नीट जुळले नाही. त्याचे एक टोक गुडघ्याखाली उंचवट्यासारखे वर आले. घट्ट, रुबाबदार बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्यांनी ते हाड कापून घेतले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. एवढे सोसूनही थोडा लंगडेपणा राहिलाच.

अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र वाचले आणि त्यांचे मनपरिवर्तन झाले. मार्च १५२२ मध्ये माँटसेरात येथे पवित्र मारियेच्या वेदीपाशी त्यांनी तलवार ठेवली, भरजरी कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि अंगावर तरटाचा झगा चढवला.

आता गर्व संपला असे कोणालाही वाटेल. पण तो वेश बदलून पुन्हा आला. मान्रेसा गावी इग्नेशियस तासन्‌तास प्रार्थना व कडक उपवास करीत होते. तिथे तापाने मरणाच्या दारात असताना त्यांच्या मनात विचार आला, की आपण नीतिमान आहोत. तापापेक्षाही या विचाराने त्यांना जास्त छळले. थोडे बरे वाटताच त्यांनी भेटायला आलेल्या स्त्रियांना विनवले, की पुन्हा आपण मरणाला टेकलो तर आपण पापी आहोत, हे त्यांनी मोठ्याने ओरडून सांगावे.

बंधू-भगिनींनो, बुटांचा गर्व ओळखणे सोपे असते. उपवासाचा गर्व ओळखणे कठीण, कारण तो भक्तीच्या शेजारीच गुडघे टेकून बसतो.

यावर त्यांनी केलेला उपाय साधा होता: खालची जागा घेणे. १५२४ साली, वयाच्या ३३व्या वर्षी, ते बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. पुढच्या वर्षी सोबत्यांनी त्यांना प्रमुख निवडले, तेव्हा त्यांनी नकार दिला. पुन्हा मतदान झाले, पुन्हा त्यांचेच नाव आले. शेवटी आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा शब्द मानून त्यांनी ते पद स्वीकारले. त्यानंतर ते स्वयंपाकघरात राबले आणि मुलांना धर्मशिक्षण देऊ लागले. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्यांनी सैतानाची वाट दाखवून दिली आहे: आधी संपत्तीची ओढ, मग मानाची हाव आणि शेवटी गर्व. ख्रिस्ताची वाट दारिद्र्य आणि अपमान यांतून नम्रतेकडे जाते.

आपण गायनवृंदात गातो, वाचन करतो, सणाला देणगी देतो. ही सारी चांगली कामे आहेत. पण आपले नाव घ्यायचे राहून गेले, तर घरी जाताना आपल्या मनात काय येते? आज रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येकाने प्रभूसमोर एवढेच तपासून पाहावे.

संत इग्नेशियस, आमच्यासाठी विनंती कर.