पीचीबाईंची तिसरी परीक्षा

बोरीबंदरपासून हाकेच्या अंतरावरचे कामा इस्पितळ मुंबईकराला ठाऊक असते. त्याच्या पहिल्या डॉक्टरीणबाई एडिथ पीची यांचे नावही स्त्री-शिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. मला मात्र त्यांच्या आयुष्यात सर्वांत ओढ वाटते ती त्यांच्या परीक्षांची.

जन्म १८४५ सालचा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि इतर मैत्रिणींबरोबर त्या एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकू लागल्या. रसायनशास्त्रात पहिल्यांदाच परीक्षेस बसलेल्यांत त्या अव्वल आल्या. पण शिष्यवृत्ती मिळाली खालच्या क्रमांकाच्या मुलाला. कारण काय, तर बायकांचा वर्ग वेगळा भरत होता! पुढच्या वर्षभरात शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघालेल्या या मुलींवर जमावाने चिखलफेक केली आणि १८७३ साली न्यायालयाने विद्यापीठाच्याच बाजूने कौल दिला. पदवीची वाट बंद झाली.

एखादी घरी परतली असती. पीचीबाई स्वित्झर्लंडला गेल्या. बर्न विद्यापीठात जर्मन भाषेतून परीक्षा देऊन जानेवारी १८७७मध्ये त्यांनी एम.डी. मिळवली. तरीही मायदेशी त्या डॉक्टर नव्हत्याच. १८५८च्या कायद्याने तिथे डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली होती आणि तीत नाव चढायला तिथल्याच मान्य संस्थेची परीक्षा लागे. नव्याने आणलेली परदेशी पदवी चालत नसे. १८७६च्या कायद्याने या संस्थांना स्त्रियांना परीक्षेस बसवण्याची मुभा दिली, सक्ती नव्हे. सर्वांत आधी दार उघडले ते डब्लिनच्या वैद्य-महाविद्यालयाने. आयर्लंड तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. मे १८७७मध्ये पीचीबाई तिथे पुन्हा परीक्षेला बसल्या, उत्तीर्ण झाल्या, आणि एकदाचा परवाना हाती आला.

माझी नोकरीची वर्षे बँकेत गेली. परगावचा ड्राफ्ट आला की सही पडताळल्याशिवाय आम्ही पैसे देत नसू. गिऱ्हाईक चिडे, पण त्या पडताळणीमुळे त्याचीच ठेव सुरक्षित राही. मात्र कुणाला खिडकीपाशीच येऊ दिले नाही, तर तिला पडताळणी म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात. पीचीबाईंनी सवलत कधी मागितली नाही. त्यांना हवी होती ती परीक्षेच्या दालनातली एक खुर्ची.

लीड्समध्ये काही वर्षे व्यवसाय करून १८८३च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या. १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले आणि परपुरुषाला हात दाखवायला न धजणाऱ्या बायकांना हक्काची जागा मिळाली. बालविवाहाविरुद्ध त्या उघडपणे बोलल्या. रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिल्या, त्यांना वैद्यक शिकायला उत्तेजन दिले. रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या, स्कॉटलंडमधली परवाना परीक्षा देऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला रुग्णसेवा करीत राहिल्या. १८९६च्या प्लेगात पीचीबाई प्रकृती ठीक नसतानाही मुंबईत काम करीत होत्या. १९०८ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

परदेशी शिकून येणाऱ्या डॉक्टरांसाठी आपल्याकडेही २००२ साली चाळणी परीक्षा सुरू झाली. ३००पैकी १५० गुण हवेत. घरोघरचे आईबाप तिच्या निकालाकडे डोळे लावून बसतात, आणि आमच्या मुलाने पुन्हा परीक्षा का द्यावी, असा सूर निघतो. मला वाटते, द्यावी. खाटेवरचा रोगी डॉक्टरची पदवी तपासू शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी ती तपासलीच पाहिजे. पण परीक्षा ज्ञानाची असावी. माणूस कोण, कुठला, कुणाच्या घरचा याची नसावी. एडिंबऱ्याने पीचीबाईंना त्या कसोटीवर नापास केले होते. बर्न आणि डब्लिनने फक्त उत्तरपत्रिका पाहिली, म्हणून मुंबईच्या बायकांना त्यांची डॉक्टरीण मिळाली.