जिमी डॉर्सी : दोन भाऊ, एक सूर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा पूर्व भाग दगडी कोळशासाठी प्रसिद्ध होता. तेथील शेननडोआ या खाणगावात २९ फेब्रुवारी १९०४ रोजी जिमी डॉर्सी यांचा जन्म झाला. पुढील वर्षी, १९ नोव्हेंबर १९०५ रोजी, त्यांचे धाकटे बंधू टॉमी यांचा जन्म झाला. जॅझ संगीताच्या इतिहासात ही दोन नावे जोडीनेच घेतली जातात. परंतु ही जोडी टिकवणे दोघांनाही सोपे गेले नाही.

वडील थॉमस डॉर्सी हे आयरिश वंशाचे खाणकामगार. स्वप्रयत्नाने ते संगीत शिकले, शिकवण्या करू लागले आणि स्थानिक बॅण्डचे संचालक झाले. मुलांनी खाणीच्या अंधारात उतरू नये, हा त्यांचा ध्यास होता. म्हणूनच त्यांनी दोन्ही मुलांच्या हाती बालपणीच वाद्ये दिली. दोघांनीही प्रारंभ ट्रम्पेटच्या जातीच्या वाद्यांवर केला. पुढे जिमी यांनी आल्टो सॅक्सोफोन व क्लॅरिनेट आपलेसे केले, तर टॉमी ट्रॉम्बोनकडे वळले. कुमारवयातच त्यांनी स्वतःचा लहानसा बॅण्ड उभारला. नंतर जिमी 'स्क्रँटन सायरन्स' या वाद्यवृंदात दाखल झाले आणि त्यांनी आपल्या धाकट्या भावालाही तेथे जागा मिळवून दिली.

जीन गोल्डकेट आणि पॉल व्हाइटमन यांच्या नामांकित वाद्यवृंदांतून दोघेही वाजवू लागले. जिमी यांचे वादन इतके सफाईदार होते की, पुढे श्रेष्ठ सॅक्सोफोनवादक ठरलेले लेस्टर यंग तरुणपणी त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत असत. 'डॉर्सी ब्रदर्स' या नावाने दोघा भावांच्या ध्वनिमुद्रिका १९२८ पासून निघू लागल्या. जिमी संगीतरचनाही करीत. 'ऊडल्स ऑफ नूडल्स' ही त्यांची चपळ रचना भावंडांच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केली. तिच्यातील संथ भागातून पुढे 'कॉन्ट्रास्ट्स' ही जिमी यांची ओळखधून साकारली.

१९३४ मध्ये दोघांनी स्वतःचा कायमस्वरूपी वाद्यवृंद उभा केला. ग्लेन मिलर त्यात ट्रॉम्बोनवादक व संगीतसंयोजक होते. यश समोर दिसत होते. पण स्वभाव भिन्न होते. टॉमी तापट व करारी, तर जिमी तुलनेने मितभाषी. मात्र त्यांचा एखादा शब्दही वर्मी लागे. अखेर मे १९३५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ग्लेन आयलंड कॅसिनो येथे ठिणगी पडली. टॉमी यांनी एका गीताची लय दिली आणि ती फार जलद असल्याचे जिमी यांनी सुचवले. टॉमी यांनी ट्रॉम्बोन उचलला आणि ते व्यासपीठ सोडून निघून गेले. वरवर पाहता वाद लयीचा होता. मुळात तो अनेक वर्षे साचलेल्या रागाचा होता.

टॉमी यांच्या रिकाम्या जागी जिमी यांनी १६ वर्षांच्या बॉबी बर्न यांना घेतले व वाद्यवृंद पुढे चालू ठेवला. टॉमी यांनी दुसरा वाद्यवृंद उभारला. १९४० मध्ये फ्रँक सिनात्रा त्यात गाऊ लागले. जिमी यांनाही १९४१ मध्ये 'अमापोला' व 'ग्रीन आइज' या गीतांनी मोठी लोकप्रियता मिळवून दिली. कीर्ती दोघांनाही लाभली, परंतु एकाच घरात शिकलेले दोन सूर आता वेगवेगळ्या व्यासपीठांवर वाजत होते.

१९४२ मध्ये वडिलांचे निधन झाले. दुरावा हळूहळू कमी होत गेला. १९४५ मध्ये सैनिकांसाठी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत दोघांचे वाद्यवृंद एकत्र आले. १९४७ च्या 'द फॅब्युलस डॉर्सीज' या चित्रपटात दोघांनी स्वतःच्याच भूमिका केल्या. म्हणजे आपलेच भांडण त्यांनी जगापुढे साकारले. पुढे वाद्यवृंदांचे दिवस ओसरले. १९५३ मध्ये जिमी यांनी आपला वाद्यवृंद बंद केला आणि ते धाकट्या भावाच्या वाद्यवृंदात सामील झाले. थोरल्या भावाने हे दुय्यम स्थान स्वीकारले, हीच कदाचित त्यांच्या जीवनातील सर्वांत अवघड गोष्ट असावी. दोघांच्या 'स्टेज शो' या दूरचित्रवाणी कार्यक्रमातच २८ जानेवारी १९५६ रोजी एल्व्हिस प्रेस्ली प्रथमच संपूर्ण अमेरिकेसमोर आले.

पुनर्मीलनाचा काळ अल्प ठरला. २६ नोव्हेंबर १९५६ रोजी टॉमी यांचा झोपेत घशात अन्न अडकून मृत्यू झाला. ते अवघे ५१ वर्षांचे होते. जिमी यांनी वाद्यवृंदाची धुरा घेतली खरी. पण कर्करोगाने त्यांनाही ग्रासले होते. भावाच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्यांनी 'सो रेअर' ही धून ध्वनिमुद्रित केली होती. १९५७ मध्ये ती लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. ती काढणाऱ्या कंपनीचे नाव होते 'फ्रॅटर्निटी', म्हणजेच बंधुभाव! १२ जून १९५७ रोजी जिमी यांनी जगाचा निरोप घेतला.

शेननडोआच्या कॅथॉलिक दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. टॉमी यांची कबर दूर न्यूयॉर्क राज्यात आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने मात्र दोघांना एकाच तिकिटावर स्थान दिले. एका क्षणाच्या रागाने १८ वर्षांची वाटचाल विभागली गेली आणि समेटानंतर हाती उरली ती जेमतेम साडेतीन वर्षे. आपल्या घरांतही असे अबोले असतात. ते मिटवण्यासाठी प्रथम पाऊल कोणी टाकावे, याचे उत्तर जिमी डॉर्सी यांनी आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे.