पाळीव सरड्याला बागेतला किडा खाऊ घालताय? आधी रेचल कार्सनची गोष्ट वाचा

नौपाड्यातल्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्यात दोन गोष्टी ठरलेल्या. दिव्याभोवती जमणारे किडे आणि डासांसाठी होणारी धूर फवारणी. घरात बिअर्डेड ड्रॅगन किंवा लेपर्ड गेको असेल, तर हे किडे म्हणजे फुकटचं खाद्य वाटतं. पण फवारणीत सापडलेला किडा खाणाऱ्याच्या पोटात काय घेऊन जातो? हा प्रश्न जगाला विचारायला लावला रेचल कार्सन यांनी.

रेचल यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात झाला. आईने लहानपणीच रानावनाची गोडी लावली. कॉलेजात आधी इंग्रजी घेतलं, मग जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमए केलं. १९३५ मध्ये वडील गेले आणि घरची जबाबदारी अंगावर आली. पीएचडी आधीच सुटली होती. मग सरकारी मत्स्य खात्यात नोकरी धरली आणि सोबत लेखन सुरू ठेवलं. १९५१ मध्ये समुद्रावरचं त्यांचं पुस्तक तुफान खपलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

१९५८ मध्ये त्यांना एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून डीडीटी फवारल्यावर तिच्या अंगणातले पक्षी मेले होते. रेचल कामाला लागल्या. चार वर्षं त्यांनी पुरावे गोळा केले.

त्यातलं एक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकचं. चिलटं मारण्यासाठी तळ्यात डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी टाकलं. प्रमाण किती? पाण्याच्या ५ कोटी भागांत फक्त १ भाग. पण ते सूक्ष्म जिवांत, मग माशांत आणि शेवटी मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांत साठत गेलं. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत ते दहा लाखांत १६०० भाग निघालं. म्हणजे पाण्याच्या ८० हजार पट!

१९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' आलं. रसायन कंपन्या तुटून पडल्या. त्याच काळात रेचल यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते, पण त्यांनी हे जगाला कळू दिलं नाही. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान समितीने त्यांचे बरेचसे मुद्दे उचलून धरले. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ मध्ये. ती त्यांना पाहता आली नाही.

आता आपल्या घरातल्या टँककडे येऊया. आजची बरीच फवारणीची औषधं डीडीटीइतकी वर्षानुवर्षं टिकत नाहीत. पण फवारणीने अर्धमेला झालेला किडा पकडायला सगळ्यात सोपा असतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा. त्यामुळे सोसायटीच्या बागेतले, गटाराजवळचे किंवा पेस्ट कंट्रोल झालेल्या घरातले किडे देऊ नका. काजवा तर अजिबात नको. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. खाद्यासाठी मुद्दाम वाढवलेले रातकिडे किंवा मीलवर्म हाच सुरक्षित मार्ग.

आणि हो, घोरपड किंवा स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तिथे काय खायला घालायचं हा प्रश्नच येत नाही.