देवापुढं मांडलेलं गाऱ्हाणं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या निघोजे गावाजवळून वाहणारी इंद्रायणी देहूहून येते आणि पुढे आळंदीला जाते. आज या परिसरात कारखाने आहेत, पाळ्यांची ये-जा रात्रभर सुरू असते. पण पावणेचारशे वर्षांपूर्वी याच नदीकाठी एका वाण्यानं देवाशी भांडण मांडलं होतं. ते म्हणजे आपले तुकोबाराय.

सन १६०८ च्या सुमारास बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी ते जन्मले. घरी महाजनकी, दुकान आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. सतराव्या वर्षाच्या आसपास आईवडील गेले. वहिनी गेली आणि थोरले बंधू सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. दिवाळं निघालं, गावात पत गेली. पत्नी रखमाबाई अन्नाविना गेली, लहानगा संतूही गेला. ऐन विशी-बाविशीतला हा माणूस! ज्याची वारी कधी चुकवली नाही, त्यानं आपल्यावर ही वेळ का आणावी, असं कुणालाही वाटेल.

तुकोबांनी या दुःखावर पांघरूण घातलं नाही. ते भामचंद्र डोंगरावर एकांतात जाऊन बसले. देहूतलं पडकं विठ्ठल मंदिर दुरुस्त केलं. कर्जखतांतला धाकट्या कान्होबाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. नामदेवरायांनी स्वप्नात येऊन अभंगरचनेची आज्ञा केली, असं ते स्वतःच सांगतात.

या अभंगांत नुसतं गोडगोड स्तवन नाही, हे भाविकांनी ध्यानात घ्यावं. कधी ते देवाला निष्ठुर म्हणतात, कधी दिवाळखोर ठरवतात. रागाच्या भरात देव आपल्यापुरता उरलाच नाही, इथवर मजल जाते. पण गंमत पाहा, ही तक्रारही ते देवाकडेच करतात! शंका फिटेपर्यंत ते गायचे थांबले नाहीत. शंकाच टाळ-मृदंगात घेऊन आले. घरच्या जिजाईही विठोबावर चिडत, तरी नवऱ्याची भाकरी डोंगरावर पोचवत. तीही एक भक्तीच म्हणायची.

पुढे वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्या नदीत बुडवाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तेच रामेश्वर भट पुढे त्यांचे शिष्य झाले. सन १६५० मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांनी वैकुंठगमन केलं. ती तिथी आपण तुकाराम बीज म्हणून पाळतो.

दत्तरूपाचं वर्णन करणारा तुकोबांचा अभंग दत्तजयंतीला आपण हात जोडून म्हणतो. तो म्हणताना एवढं आठवावं, की हा दंडवत घालणाऱ्यानं घरातली दोन माणसं भुकेनं गमावली होती. आपल्यापैकी कुणाच्या घरी यंदा एखादं पान गळलं असेल, देवाचं नाव घ्यायला जीभ वळत नसेल. त्यानं मंदिराबाहेर राहू नये. आत यावं, मागं बसावं. गाता आलं नाही तर ऐकावं. महाराजांपुढं गाऱ्हाणं मांडायला आपल्याला तुकोबांनीच शिकवलं आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥